सँग्रियाची बादली

जर्मन माणूस म्हणजे वक्तशीर, शिस्तीचा आणि जाम सीरियस, असंच वाटतं ना तुम्हाला? मग त्यांचे 'सुट्टीवर गेलेले' कॉमेडी सिनेमे बघा. आचरट, चावट, डोकं बाजूला काढून ठेवून बघायचे. फक्त एक धोका आहे. हसता हसता मध्येच आपलाच चेहरा दिसतो.

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं जर्मन पुस्तकी आहे. पुण्यात कॉलेजला असताना क्लास लावला होता. त्या धड्यांतली माणसं एकमेकांना दोनच गोष्टी विचारायची, स्टेशन कुठे आहे आणि सफरचंदं काय किलो. माझ्या तीन लेव्हल्स झाल्या, पण त्या पुस्तकात कोणी हसलेलं मला आठवत नाही. त्यामुळे 'जर्मन कॉमेडी' हे शब्द मला 'उपवासाचं चिकन' टाइप वाटायचे.

मग मागच्या उन्हाळ्यात तीन आठवडे मावसभावाकडे श्टुटगार्टला गेले. तो तिथे इंजिनीअर आहे. चौघांत मिळून एक फ्लॅट. याला तिकडे 'वेगे' म्हणतात. म्हणजे आपलं कॉट बेसिसच, पण प्रत्येकाला स्वतःची खोली आणि भांडी घासायचं टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलेलं. भावाशिवाय तिथे एक कलोनचा मुलगा, एक लाइपझिगची मुलगी आणि एक मायोर्काची मुलगी. मायोर्का म्हणजे भूमध्य समुद्रातलं ते स्पॅनिश बेट. जर्मन लोक लाडाने त्याला 'माल्ले' म्हणतात. आणि गमतीने जर्मनीचं सतरावं राज्यसुद्धा. (खरी राज्यं सोळाच आहेत.)

शुक्रवारची रात्र होती. भावाने मिसळ केली होती, तीही तिखट कमी करून. तेवढ्यात कलोनवाला म्हणाला, "तुला खरं जर्मन शिकायचंय ना? मग थांब." आणि त्याने लावला 'बालरमान झेक्स'.

काय सांगू! १९९७ चा सिनेमा. टॉमी आणि मारिओ हे कलोनचे दोन टपोरी मायोर्काला पोचतात. पुढचा अजेंडा तीन शब्दांत संपतो: बीअर, बीच, पोरी. टॉम गेरहार्ट आणि हिल्मी सोझर या जोडगोळीने ढेकरांपासून सगळं केलंय. व्याकरणाची तर पार वाट. पहिली दहा मिनिटं मी "शी!" म्हणत होते, अकराव्या मिनिटाला माझ्या नाकातून मिसळीचा रस्सा आला. दादा कोंडक्यांच्या सिनेमाला लोक पोट धरून हसायचे आणि थिएटरबाहेर आल्यावर 'काय हा थिल्लरपणा' म्हणायचे, तसंच काहीसं.

नावाची गंमत ऐका. पाल्मा शहराजवळच्या बीचवर ठरावीक अंतरावर नंबर टाकलेले स्टॉल आहेत. स्पॅनिशमध्ये त्यांना 'बाल्नेआरिओ' म्हणतात. जर्मन जिभेला ते झेपेना, म्हणून त्याचं झालं 'बालरमान'. सहा नंबरचा स्टॉल सगळ्यात फेमस. तिथली खासियत म्हणजे बादलीभर सँग्रिया असायची. अक्षरशः बादली, चारी बाजूंनी लांबलचक स्ट्रॉ घातलेल्या आणि भोवती लालेलाल झालेली माणसं.

आम्ही सगळे हसत होतो. फक्त मायोर्कावाली फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मला वाटलं, तिला भाषा कळत नसेल. नंतर कळलं की तिचं जर्मन माझ्या दसपट चांगलं आहे.

सुट्टीचा हक्क आणि सूर्याचा शोध

दुसऱ्या दिवसापासून मला नादच लागला. रोज रात्री एक सिनेमा. आणि लक्षात आलं, बॉस, हा एखाददुसरा सिनेमा नाही, अख्खा खानदानी धंदा आहे.

याचं मूळ आहे रजेच्या अर्जात. पश्चिम जर्मनीत १९६३ पासून पगारी रजा कायद्याने बांधून दिलेली आहे. आज ती किमान चार आठवडे मिळते. (आपण बॉसकडे दिवाळीच्या चार दिवसांसाठी तोंड वेंगाडतो, ते आठवून मी एक सुस्कारा सोडला.) साठीच्या दशकात कॅटलॉगमधून माल विकणाऱ्या नेकरमानसारख्या कंपन्या सहलीही विकायला लागल्या. विमान, हॉटेल, जेवण सगळं एका पॅकेजात. महायुद्धानंतर रिकाम्या पोटाने सुरुवात केलेल्या देशाच्या खिशात पैसा आला होता आणि घरी सूर्य नव्हता. गाड्या सुटल्या इटलीकडे, विमानं स्पेनकडे.

अर्थात हे पश्चिमेचं. लाइपझिगवाली म्हणाली, "माझ्या आईबाबांना हे सिनेमे बघून हसायचं की रडायचं तेच कळायचं नाही. भिंत पडेपर्यंत मायोर्का त्यांच्यासाठी चंद्रावरच होतं."

आता एक योगायोग बघा. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले. म्हणजे ज्या किनाऱ्यांवर जर्मन माणूस ऊन खायला जात होता, तिथलीच माणसं त्याच्या कारखान्यात शिफ्ट करायला येत होती. एकाच रस्त्यावरून दोन्हीकडची ट्रॅफिक. पण सिनेमा निघाला तो फक्त जाणाऱ्यांवर.

चामडी चड्डी चालली बँकॉकला

साठीतले सिनेमे तसे सोज्वळ. गाणी, गैरसमज, बाईच्या वेशातले पुरुष. १९६४ चा एक सिनेमा तर 'आमच्या वेड्या मावश्या दक्षिण समुद्रात' अशा नावाचा आहे. या मावश्या म्हणजे साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंसारखंच प्रकरण, फक्त नारळाच्या झाडांखाली.

सत्तरीत सेन्सॉरची पकड सुटली आणि सगळंच सुटलं. बव्हेरियातली पारंपरिक चामड्याची अर्धी चड्डी, म्हणजे लेदरहोझ, ही एका अख्ख्या सिनेप्रकाराची ओळख झाली. गावाकडचे बाप्ये, उघड्या-वाघड्या पोरी आणि शाळकरी पांचट विनोद. मग निर्मात्यांना वाटलं, डोंगर पुरे झाले, जरा बाहेर जाऊ. नुसती नावं वाचा. 'बँकॉकमध्ये तीन बव्हेरियन' (१९७६). 'सेंट ट्रोपेमध्ये तीन लेदरहोझन' (१९८०). 'किलिमांजारोवर डिर्न्डलची शिकार' (१९८३). डिर्न्डल म्हणजे बव्हेरियन बायकांचा झालरीचा पोशाख, आणि तो घालणारी मुलगीसुद्धा. नाव वाचलं की सिनेमा बघायची गरज उरत नाही. त्याच वर्षी आला 'इबिझावर सनशाइन रेगे'. त्या वर्षी गाजलेल्या एका पॉप गाण्याचं नाव उचललं, कार्ल डाल या अर्धमिटल्या डोळ्यांच्या विनोदवीराला बीचवर सोडलं, की झाला सिनेमा.

मी यातले जेवढे बघितले त्यातला फॉर्म्युला सांगते. पाहिजे फक्त हॉटेल, स्विमिंग पूल आणि समुद्र. सेट लावायला नको, ऊन फुकट. स्थानिक माणूस तीनच कामांना: वेटर, चोर किंवा सुंदर पोरगी. त्याला नाव असलंच तर ते चुकीचं उच्चारायचं, तोच जोक. बँकॉक असो की किलिमांजारो, सिनेमा घडतो बव्हेरियातच. मागचा पडदा तेवढा बदलतो.

समीक्षकांनी या सिनेमांना झोडपलं. पण १९८४ नंतर जर्मनीत खासगी टीव्ही चॅनल्स आली, त्यांना रात्री उशिरा दाखवायला स्वस्त माल हवा होता, आणि हे सगळं कपाटातून बाहेर आलं. कलोनवाल्याच्या बाबांनी हे सिनेमे आवाज बारीक करून बघितलेत, असं तो सांगतो. बाबांना वाटायचं, पोरगं झोपलंय. पोरगं दाराच्या फटीत.

हा मी नाही, तो शेजारचा

सगळाच कचरा आहे असं मात्र नाही. १९८८ चा 'मान श्प्रिश्ट डॉइच' जरूर बघा. 'इथे जर्मन बोलतात' असा दुकानावरच्या पाटीचा अर्थ, आणि त्यातही जर्मनचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. गेरहार्ड पोल्ट हा बव्हेरियन विनोदाचा बाप माणूस. इटलीतल्या तेराचिनाच्या बीचवर एका कुटुंबाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस, एवढीच गोष्ट. बाप, आई, मुलगा. आजूबाजूला सगळे जर्मनच. यांना इटली हवीये, पण इटालियन लोकांबद्दल धास्ती आहे. गाडी फोडतील, लुबाडतील. स्वप्नात इटालियन रोमान्स आणि जागेपणी चटईवर किरकिर. घरी जायच्या रस्त्यावर ट्रॅफिक किती असेल यावरची चर्चा ऐकून मला लोणावळ्याहून परतणारे आमचे काका आठवले.

इथे उलटं झालंय. इटालियन माणूस जोक नाही. जोक आहे तो चटईवरचा माणूस.

जर्मनमध्ये यासाठी एक मस्त शब्द आहे, 'फ्रेम्डशेमेन'. दुसरा कोणी माती खातो आणि लाज आपल्याला वाटते, ती फीलिंग. २०१० मध्ये ऑस्ट्रियात हा 'वर्षाचा शब्द' ठरला होता. एक्स्प्रेसच्या डब्यात आपलाच गाववाला मोबाइलवर फुल व्हॉल्यूममध्ये व्हिडिओ लावतो, तेव्हा तुम्हाला जे होतं, तेच. हे सिनेमे या एका भावनेवर चालतात. बघणारा प्रत्येक जण मनात म्हणतो, "हा मी नाही. हा तो शेजारचा." लाखो माणसं एकाच बीचवरून परत येतात, एकाच थिएटरात बसतात आणि सगळीच शेजारच्याला हसतात. मग पडद्यावरचा तो माणूस नक्की आहे तरी कोण?

खोट्याची पण कॉपी

या खानदानातला सुपरस्टार म्हणजे २००१ चा 'डेअर शू डेस मानितू'. म्हणजे 'मानितूचा बूट'. मिखाएल 'बुली' हेरबिशचा हा सिनेमा थिएटरात जाऊन बघणाऱ्यांचा आकडा एक कोटी दहा लाखांच्या वर गेला. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या आसपास, तेव्हा हिशोब करा.

याची गंमत कळायला मागचं पुढचं माहीत हवं. कार्ल माय (१८४२ ते १९१२) या जर्मन लेखकाने अमेरिकेच्या वेस्टवर, विनेटू नावाच्या अपाचे सरदारावर ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा त्याने अमेरिका पाहिलीच नव्हती. गेला तो १९०८ मध्ये, म्हातारपणी, आणि तेव्हाही 'वेस्ट'पर्यंत पोचलाच नाही. साठीच्या दशकात यावर सिनेमे निघाले, त्यांचं शूटिंग युगोस्लाव्हियात आणि विनेटू झाला पिएर ब्रीस नावाचा फ्रेंच नट. जर्मनांच्या दोन पिढ्या या 'अमेरिके'वर वाढल्या. बुलीने त्याचीच खिल्ली उडवली आणि शूटिंग केलं स्पेनच्या अल्मेरियात. त्याचा अपाचे सरदार बव्हेरियन बोलीत बोलतो. गब्बरने रामगढच्या दगडांवर उभं राहून मालवणीत गाऱ्हाणं घालावं, तसं.

म्हणजे खोट्याची कॉपी, कॉपीची टिंगल. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा याच्याशी काही संबंध नाही, असं म्हणून हसता येतं. पण तसं ते राहत नाही. २०२२ मध्ये एका प्रकाशन संस्थेने विनेटूवरची मुलांची पुस्तकं टीकेमुळे मागे घेतली, तेव्हा जर्मनीत घरोघरी भांडणं लागली. 'आमच्या बालपणाला हात लावू नका' विरुद्ध 'ज्यांचं सोंग घेतलंत त्यांना कधी विचारलंत का?' २०२५ च्या ऑगस्टमध्ये बुलीने मानितूचा पुढचा भाग आणला तो या सगळ्यानंतर.

आता टर्न थायलंडची

एक गोष्ट मात्र खरंच बदलली. ज्या कामगारांना १९६१ नंतर तुर्कस्तानातून बोलावलं, त्यांची मुलं-नातवंडं आता स्वतः सिनेमे काढतात. बोरा दाग्तेकिनचा २०१२ चा 'सुरुवात करणाऱ्यांसाठी तुर्की' हा आधी टीव्ही सिरियल होता. सिनेमात जर्मन-तुर्की मंडळी सुट्टीला निघतात, विमान समुद्रात उतरवावं लागतं आणि हिरो-हिरोइन एका बेटावर अडकतात. विमानात बसलेला टुरिस्ट आता फक्त चामडी चड्डीवाला नाही. तो जेम नावाचा तुर्की पोरगा आहे, आणि सगळ्यात जास्त टिपिकल जर्मन वागते ती त्याच्याबरोबर अडकलेली लेना. सही आहे!

हिरो एलियास मबारेक. म्युनिकमध्ये जन्मलेला, वडील ट्युनिशियाचे, आई ऑस्ट्रियाची. याच जोडीचा पुढचा धमाका म्हणजे 'फाक यू ग्योटे'. महाकवीच्या नावाचं मुद्दाम बिघडवलेलं स्पेलिंग, आणि पहिल्या दोन शब्दांबद्दल मी काही बोलत नाही, घरी आईपण हे मासिक वाचते. बँक लुटणारा चोर शाळेत मास्तर होतो, ही गोष्ट. २०१५ च्या दुसऱ्या भागात तो वर्गाची सहल घेऊन थायलंडला जातो. सत्तर लाखांहून जास्त प्रेक्षक.

मी हसले का? भरपूर. पण १९७६ मधले 'तीन बव्हेरियन' आणि ही २०१५ ची सहल यांच्यात बँकॉकच्या बाजूने काय बदललं, असा प्रश्न मला पडला. विमानात बसणारे बदलले, शिव्या मॉडर्न झाल्या. थायलंड मात्र अजूनही मागचा पडदाच आहे.

बादली कोण उचलतं?

शेवटच्या आठवड्यात मायोर्कावाली आणि मी दोघीच स्वयंपाकघरात होतो. भांडी घासायची पाळी तिची. मी विचारलं, "तुला तो सिनेमा आवडला नाही ना?"

ती म्हणाली, "जोक ठीक आहेत. मला फक्त प्रत्येक वेळी वाटतं, सकाळी ती बादली कोण उचलतं?"

तिची आई बावीस वर्षं पाल्माजवळच्या हॉटेलात खोल्या साफ करायची. सीझनमध्ये दिवसाला वीस-बावीस खोल्या. कंबर गेली, मनगटं गेली. असं करणाऱ्या बायकांची आता स्पेनमध्ये संघटना आहे, 'लास केलिस'. 'साफ करणाऱ्या जणी' या स्पॅनिश शब्दांवरून केलेलं नाव. कामाचा ताण आणि ठेकेदारी याविरुद्ध त्या भांडतात. २०२४ च्या मे आणि जुलैमध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो माणसं उतरली होती, कारण टुरिस्टांना भाड्याने देऊन देऊन घरं एवढी महाग झाली की गावातल्याच माणसाला खोली परवडेना. बालरमान भागात आता रस्त्यावर दारू प्यायला बंदी आहे आणि रात्री दुकानांत ती विकायलाही.

"म्हणजे तुला जर्मन लोकांचा राग येतो?" मी.

"नाही गं. इथे राहते, इथेच पगार घेते. यांनी यायचं थांबवलं तर आमचं बेट उपाशी मरेल. मला एकाच वाक्याचा राग येतो." ताट रॅकमध्ये ठेवत ती म्हणाली, "येणारा प्रत्येक जण सांगतो, आम्ही त्या तसल्या टुरिस्टांपैकी नाही."

मी ओल्या ताटाकडे बघत राहिले. कारण हे वाक्य माझं होतं.

*बघायचेच असतील तर...*

*'मान श्प्रिश्ट डॉइच' (१९८८): एकच बघणार असाल तर हा. हळू आहे, पण घरच्यांबरोबर सहलीला गेलेल्या प्रत्येकाने बघावा.*

*'बालरमान झेक्स' (१९९७): मित्रांबरोबर, जेवण झाल्यावर. जेवताना नको, माझा अनुभव लक्षात ठेवा.*

*'डेअर शू डेस मानितू' (२००१): 'शोले'ची डायलॉगबाजी पाठ असणाऱ्यांना पॅरडीची मजा जास्त येईल.*

*'सुरुवात करणाऱ्यांसाठी तुर्की' (२०१२): चक्क रोमँटिक. यातला सगळ्यात कमी आचरट.*

आमची आवृत्ती

मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. डिसेंबरात आम्ही ऑफिसचे बारा जण गोव्याला गेलो, शिवोलीच्या एका होमस्टेमध्ये. मालकीण काकू साठीच्या. दारात तुळशीवृंदावन, मागे माड. पोचल्या पोचल्या मीच पुढे होऊन त्यांना म्हटलं होतं, "काकू, काळजी करू नका हं. आम्ही तसले टुरिस्ट नाही."

काकू "हय, हय" म्हणून हसल्या होत्या.

दुसऱ्या रात्री दोन वाजेपर्यंत अंगणात स्पीकर चालू होता. आमच्यातल्या एकाने काकूंच्या बोलण्याची नक्कल केली आणि आम्ही लोळून हसलो. मी सगळ्यात जास्त. सकाळी सहाला तहान लागली म्हणून उठले, तर खिडकीतून काकू दिसल्या. वाकून वाकून बाटल्या गोळा करत होत्या. दोन बाटल्या वृंदावनाच्या कठड्यावर होत्या. त्या त्यांनी उचलल्या, पदराने कठडा पुसला आणि मग दिवा लावला. मी बाहेर गेले नाही. पडदा नीट केला आणि परत झोपले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

श्टुटगार्टहून परत आल्यावर फोनमध्ये 'गोवा होमस्टे' या नावाने सेव्ह केलेला नंबर शोधला. चार दिवस विचार केला आणि लावला. काकूंनीच उचलला. मी नाव सांगितलं, डिसेंबरात आलो होतो म्हटलं, ऑफिसचे बारा जण. माफी मागायचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, जर्मनच्या ओरल परीक्षेसारखं.

"डिसेंबरात खूप येतात गो," काकू म्हणाल्या. "कुठचे तुम्ही?"

"पुण्याचे."

"सगळे पुण्याचेच येतात." मग जरा थांबून, "रूम जाय काय?"

मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात जाणार आहे, या वेळी मैत्रीण आणि मी, दोघीच. माफीचं वाक्य अजून पाठ आहे, ते तिथे समोरच म्हणीन. तेवढं एक वाक्य मात्र या वेळी म्हणायचं नाही, असं ठरवलंय.